गाव एक नाही, मग विरोध उभा कसा करायचा?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 31. वडील गेल्यापासून त्या घाटमाथ्यावरच्या आपल्या माहेरच्या गावी आई आणि भावाबरोबर राहतात आणि जवळच्या बाजारगावात औषधाच्या दुकानात काम करतात. गावाच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळपठारावर, एक तलाव आणि घाटाखाली दुसरा, असा वीज साठवण्याचा मोठा प्रकल्प येऊ घातला आहे. सड्यावर बोअर मारून झालेत, काही शेतांत खुंट्या ठोकल्यात, जनसुनावणी लवकरच होणार असं सगळे म्हणतात. ताईंनी विरोधासाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आज त्यात दीडशे माणसं आहेत आणि रोज भांडणं आहेत. गावची समिती म्हणते, दर वाढवून दिला तर बघू. मुंबईचं मंडळ म्हणतं, आम्हाला विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही. तालुक्याचा निसर्गप्रेमी गट म्हणतो, एक दगडसुद्धा हलू देणार नाही. भावाने कर्ज काढून डंपर घेतलाय, कंपनीच्या कामावर लागेल म्हणून. तो ताईंशी बोलेनासा झाला आहे. त्या विचारतात: "सगळं गाव एक झाल्याशिवाय काही होणार नाही, पण एक करायचं कसं? संस्था रजिस्टर करू का? एखाद्या मोठ्या नेत्याला बोलावू का? भावाची जमीन, भावाचा डंपर. मी आडवी येऊन घर मोडतेय का? आणि ही हरित वीज आहे म्हणतात. आपण चुकीच्या बाजूला तर नाही ना?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'भावाची जमीन' या शब्दांशी थांबले, म्हणून तिथूनच सुरुवात करते. वडिलांच्या मागे वारसनोंद झाली तेव्हा सातबारावर तुमचं नाव लागलं का? वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, 2005 साली केंद्राने कायदा बदलला आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो असं स्पष्ट केलं. तुम्ही हक्कसोडपत्रावर सही केली नसेल तर ती जमीन तुमची आणि तुमच्या आईचीही आहे. म्हणजे तुम्ही भावाच्या वाटेत आडव्या येत नाही आहात. सामाईक जमिनीचं काय करायचं, यात तुम्ही तुमचा वाटा मागता आहात. पहिल्यांदा सातबारा आणि फेरफार काढून बघा.

हे फक्त तुमच्या घरापुरतं सांगत नाही. जिथे असा प्रकल्प येतो तिथे दलाल थेट खरेदीसाठी फिरायला लागतात, आणि मग सणाला माहेरी आलेल्या बहिणींना 'जरा सही दे' म्हणून गाडीत घालून तालुक्याला नेलं जातं. सही झाली की ती मागे घेणं फार अवघड. तुमच्या गावातल्या लग्न होऊन गेलेल्या लेकींची यादी करा आणि प्रत्येकीला एक फोन करा. कुणाची बाजू घ्यायला सांगू नका. एवढंच सांगा की कागद वाचल्याशिवाय, त्याची नक्कल हातात घेतल्याशिवाय सही करू नकोस. तुमच्या दीडशे जणांच्या ग्रुपमध्ये या लेकी आहेत का?

आता एकीबद्दल. सगळं गाव एका मताचं झाल्याशिवाय काही होत नाही हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, आणि तुम्ही ते इतकं खरं मानलंत की रोज रात्री ग्रुपवरची भांडणं मिटवण्यात तुमची ताकद संपते आहे. मला यातच शंका आहे. आपल्याकडचं धरणाविरुद्धचं सगळ्यात जुनं मोठं आंदोलन मुळशीचं. 1921 साली मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटांचं धरण होत होतं, मुंबईला वीज देण्यासाठी. 52 गावांच्या जमिनी जाणार होत्या. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते आणि 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. सगळे एक आहेत असंच वाटत होतं. पण त्या जमिनींपैकी बरीच पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होती आणि कसत होते मावळे, म्हणजे तिथल्या खोऱ्यातले शेतकरी. सावकाराला मोबदला वाढवून मिळाला की त्याचं काम झालं. मावळ्याला पैसे नको होते, भाताची खाचरं हवी होती. हा फरक आधी कुणी उघड मांडला नाही, तो शेवटी उघडा पडला, आणि लढा आतून उसवला. धरण झालं.

तुमच्या गावात आज जे भांडण चाललंय ते मला म्हणूनच वाईट लक्षण वाटत नाही. दर मागणारे, काहीच नको म्हणणारे आणि मुंबईहून हक्क सांगणारे आत्ताच आपापलं बोलून दाखवतायत. ते दाबू नका. एकमत मागण्याऐवजी प्रत्येकाला विचारा: या प्रकल्पात तुझं नक्की काय जातं?

हे विचारायला बसून बैठक नको, पायी फिरा. चार जणी, चार जण घ्या, गावाचा नकाशा घ्या, आणि घरोघर लिहून काढा. कुणाची मालकीची जमीन जाते, कुणाची कसणुकीची, कुणाची नुसती वाट जाते. सड्यावर गुरं कोण नेतं. करवंद, हिरडा, शिकेकाई कोण गोळा करतं. देवराई कुणाची, तिथला वार्षिक कोण करतं. तुमच्या पत्रात तीन गट आहेत, पण सड्याच्या टोकाला जो धनगरवाडा असल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, त्यांचं मत कुठेच नाही. सातबारावर त्यांचं नाव बहुधा नसेल, म्हणून दराच्या चर्चेत ते येत नाहीत, आणि निसर्गाच्या चर्चेत लोकांना फुलं दिसतात, माणसं दिसत नाहीत. सगळ्यांत जास्त जाणार आहे ते त्यांचंच. पुढची बैठक धनगरवाड्यावर घ्या. चालत जायला लागेल, म्हणूनच घ्या.

दुसरी नोंद पाण्याची. सड्यावरचा पाऊस जांभ्यात मुरतो आणि खाली कुठे कुठे झऱ्याच्या रूपाने निघतो, हे तुमच्या आईला कुठल्याही अहवालापेक्षा चांगलं माहीत असेल. डोंगराच्या पोटातून बोगदे गेले तर कुठला झरा राहील आणि कुठला आटेल, हे आधीपासून मोजलेलं नसेल तर नंतर कुणालाही सिद्ध करता येत नाही. मोजणं सोपं आहे. दहा लिटरची बादली, मोबाईलमधलं घड्याळ, आणि बादली भरायला किती सेकंद लागले ती नोंद. दर महिन्याला त्याच तारखेला, त्याच झऱ्यावर, तारखेसह फोटो. शाळेतली आठवी-नववीची मुलंसुद्धा हे करू शकतात. दर मागणाऱ्यांनाही झरा लागतो, काहीच नको म्हणणाऱ्यांनाही आणि मुंबईकरांना मे महिन्यात गावी आल्यावर लागतोच. तुमचे तीन गट एका कामाला लागतील ते मला वाटतं इथेच, भाषण करून नाही.

जनसुनावणीकडे येते, कारण इथे बहुतेक गावं वेळ घालवतात. 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते, आणि जिथे वर्तमानपत्र पोहोचत नाही तिथे दवंडीसारख्या मार्गाने. प्रकल्पाच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, स्थानिक पंचायत अशा ठिकाणी बघायला ठेवावा लागतो आणि त्याचा सारांश मराठीत असावा लागतो. 'लवकरच' ही अफवा मनात ठेवून बसू नका. दर सोमवारी कुणीतरी एकाने प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचना आली का ते बघायचं आणि परिवेश या केंद्राच्या पोर्टलवर प्रकल्पाचं नाव शोधायचं, असं काम नेमून द्या. सड्यावरच्या बोअर कुणाच्या परवानगीने मारल्या, ते वनखात्याकडे आणि तहसीलकडे माहिती अधिकारात विचारा. अर्ज माणसाच्या नावाने करायचा असतो, संस्थेच्या नावाने नाही. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. अर्ज एकाच माणसाच्या नावाने टाकू नका, पाच जणांनी पाच टाका. कुणा एकट्यावर दबाव आणणं तेवढं कठीण होतं.

सुनावणीच्या दिवशी मंडपात गोंधळ घालून ती बंद पाडायची, असं तुमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी लिहिलंच असेल. त्यामागचा राग मला समजतो. सगळं आधीच ठरलेलं आहे, ही नुसती औपचारिकता आहे, हे अनेकदा खरंच असतं. तरीही मी तसं करू नका म्हणेन. या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. तुम्ही बाहेर राहिलात तरी ती होते, आणि मग नोंदीत फक्त रोजगार मागणारे राहतात. आत जाऊन बोललेलं मात्र चित्रित होतं, इतिवृत्तात लिहावं लागतं, ते मराठीत तिथल्या तिथे वाचून दाखवावं लागतं. पुढे कधी राष्ट्रीय हरित लवादाकडे जायची वेळ आली तर पर्यावरण मंजुरीच्या आदेशापासून 30 दिवसांत अपील करावं लागतं, त्यानंतर सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवसांपर्यंत. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. तिथे त्या दिवशीचे तुमचे शब्द कामी येतात. म्हणून बोलणाऱ्यांनी आपलं म्हणणं लेखी न्यायचं, दोन प्रती, एकीवर पोहोच घ्यायची. 'आमचा विरोध आहे' एवढं पुरत नाही. 'गट नंबर अमुकमधला झरा, मे महिन्यात बादली भरायला इतके सेकंद, अहवालाच्या या पानावर त्याचा उल्लेख नाही', असं बोलणारी एक बाई दहा घोषणांपेक्षा जड पडते.

ग्रामसभेचंही तसंच. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, आणि बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. यंदा ती खरी घ्या. जंगलाचा भाग जाणार असेल तर वनहक्क कायद्याची ग्रामसभा वेगळी, तिला निम्मी गणसंख्या लागते आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बायका. धनगरवाड्याचे आणि गावाचे सामूहिक वनहक्काचे दावे दाखल आहेत का? नसतील तर हे काम आंदोलनाच्या आधीचं समजा. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तो गोळा करायला वेळ जातो. पण दावा मान्य झाला तर जंगल, पाणलोट, जैवविविधता राखायचा अधिकार कायद्यानेच ग्रामसभेकडे येतो. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांपुढे ठेवला. 12 च्या 12 ग्रामसभांनी नाही म्हटलं. त्यांच्या श्रद्धा, त्यांचा डोंगर, त्यांचं पाणी यावर ते बोलले. प्रत्येक ठिकाणी असं होत नाही आणि नंतर नियमही बदलत गेले आहेत, त्यामुळे या कामाला जाणकार वकील लागेल. तरी दावा तरी टाकलेला हवा.

मोठा नेता बोलवावा का? बोलवा, ऐकायला. ठरवायला नको. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाची 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्यामागे वर्षानुवर्षं चालवलेले अभ्यासगट होते हे कमी जणांना माहीत असतं. बाहेरचे मित्र तिथे माहिती घेऊन येत, चर्चा करत. निर्णय गावसभेत, सर्वसहमतीने. केरळात सायलेंट व्हॅलीचा जलविद्युत प्रकल्प 1983 साली सोडून दिला गेला, त्यातही शास्त्र साहित्य परिषद या लोकविज्ञान संघटनेच्या शिक्षकांनी प्रकल्पाचा हिशोब सामान्य माणसाला कळेल असा मांडला होता. तुमच्या तालुक्यातल्या निसर्गप्रेमी गटाला हेच काम द्या. त्यांच्याकडे फुलपाखरांच्या आणि पक्ष्यांच्या नोंदी असतील, इंग्रजी अहवाल वाचणारी माणसं असतील. तो चारशे-पाचशे पानांचा अहवाल आला की त्यांनी प्रकरणं वाटून घ्यावीत आणि प्रत्येकाचं दोन पानी मराठी गावाला द्यावं. मात्र एक गोष्ट त्यांच्याशी लेखी ठरवा: गावाच्या नावाने निघणारं पत्रक गावच्या समितीने वाचल्याशिवाय पेपरात जाणार नाही. 'एक दगड हलू देणार नाही' हे वाक्य तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला सोपं असतं. पोलिसांची नोटीस मात्र गावातल्या पोराच्या घरी येते, आणि ते पोर भरतीची तयारी करत असतं.

संस्था रजिस्टर करायची घाई करू नका. सुनावणीत बोलायला, हरकत द्यायला, माहिती मागायला नोंदणी लागत नाही. अध्यक्ष कोण, खजिनदार कोण यात तुमचे दोन महिने जातील. वर्गणी काढावी लागली तर दर आठवड्याला देवळाच्या फळ्यावर जमा-खर्च लिहा, चहाच्या पैशांसकट. परदेशातून कुणी पैसे पाठवतो म्हणालं तर नको म्हणा, त्याचे कायदे कडक आहेत.

तीन गटांना एकत्र बांधायला घटना लिहू नका. एक कागद करा, ज्यावर सगळे सही करू शकतील एवढाच. माझ्या मते त्यात इतकं पुरे: सगळी कागदपत्रं मराठीत मिळेपर्यंत कुणी जमीन विकणार नाही, कंपनीशी किंवा दलालाशी जो बोलेल तो काय बोलला हे पुढच्या बैठकीत सांगेल, वनहक्काचे दावे आधी निकाली निघावेत, ज्याचा सातबारा नाही त्याचं नुकसानही नुकसान धरलं जाईल. दर मागणाराही यावर सही करू शकतो आणि विरोध करणाराही. पुढे वाटा वेगळ्या झाल्या तर होतील, पण चोरून होणार नाहीत. मुंबईच्या मंडळालाही यात काम आहे. त्यांच्यातल्या ज्यांचं मतदार यादीतलं नाव मुंबईत आहे ते ग्रामसभेच्या ठरावात नसतील, पण सातबारावर आहेत, आणि मंत्रालयात फाईल कुठे आहे हे बघायला गावातून कोण रोज जाणार?

आता तुमची टोचणी, हरित विजेची. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देते. याला सरकारी मराठीत उदंचन जलविद्युत प्रकल्प म्हणतात. वीज जास्त आणि स्वस्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करायची. पाणी चढवायला लागते त्याहून वीज कमीच परत मिळते, साधारण तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के. म्हणजे हा प्रकल्प नवी वीज तयार करत नाही, साठवतो. सौरऊर्जा वाढत जाईल तशी संध्याकाळसाठी साठवणीची गरजही वाढणार, हे खरं आहे आणि ते नाकारून तुमची बाजू भक्कम होणार नाही. पण साठवण हवी म्हणून ती याच सड्यावर हवी असं होत नाही. आधीच्या धरणांचा वापर करून होते का, जंगल कमी जाईल अशी दुसरी जागा पाहिली का, पाहिली असेल तर का सोडली, हे अहवालात पर्यायांच्या प्रकरणात असायला हवं. ते प्रकरण पहिलं वाचा. कोल्हापूर जिल्ह्यात आजरा तालुक्यात उचंगीच्या धरणाला विरोध करताना लोकांनी जाणकारांना बरोबर घेऊन पर्यायी आराखडाच पुढे ठेवला होता. 'नको' म्हणणाऱ्यांशी बोलायचं टाळता येतं, 'असं करा' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं.

आणि हरलात तर? हेही विचारून ठेवायला हवं. नर्मदेवरचं सरदार सरोवर 138.68 मीटर उंचीचं होऊन 2017 साली त्याचं लोकार्पण झालं, आपल्या अक्कलकुव्यातलं मणिबेली बुडालं. पण जमिनीच्या बदल्यात जमीन हे कागदावरचं कलम अनेक कुटुंबांच्या बाबतीत खरं झालं ते लोक तीस वर्षं मागे लागले म्हणून. तुमच्याही गावात प्रकल्प कदाचित होईल. तेव्हा झऱ्यांची वही, वनहक्काचे दावे, लेकींची नावं लागलेले सातबारे आणि इतिवृत्तातलं तुमचं म्हणणं, हे सगळं हातात असलेलं गाव आणि नसलेलं गाव यांना मिळणारी वागणूक वेगळी असते.

भावाचं शेवटी ठेवलं, कारण मला वाटतं तुम्हाला रात्री झोप लागत नाही ती त्याच्यामुळे. त्याला विकला गेला असं म्हणू नका, मनातसुद्धा. डंपरचा हप्ता दर महिन्याला भरावा लागतो आणि तुमच्या भागात त्याच्या वयाच्या मुलाला दुसरं काय काम आहे? तुम्ही काय करणार आहात ते त्याला तुमच्या तोंडून कळू द्या, ग्रुपवरून नाही. त्याच्याकडून कंपनीची आतली बातमी काढायचा प्रयत्न करू नका, बैठक घरात घेऊ नका, आणि ग्रुपवर डंपरवाल्यांविषयी कुणी वाईट लिहिलं तर तुम्ही स्वतः थांबवा. आईला मध्यस्थी करायला लावू नका, तिची दोन्ही मुलं आहेत.

एक सुचवते. अकोले तालुक्यात घाटघरला असाच उदंचन प्रकल्प 2008 पासून चालू आहे, 250 मेगावॅटचा. वरचं धरण घाटघरला, खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याला. एक गाडी करा. धनगरवाड्यावरचे दोघे, समितीतले दोघे, निसर्गवाला एक, मुंबईहून आलेला एक, दोन आया. वर आणि खाली, दोन्ही गावांत लोकांशी निवांत बोला. कायमच्या नोकरीवर गावातले किती जण लागले, बांधकाम संपल्यावर गाड्यांना काम किती वर्षं राहिलं, झऱ्यांचं काय झालं, कुठलं आश्वासन पाळलं गेलं. ठरवून जाऊ नका, जे ऐकाल ते सगळं लिहून आणा, आपल्या बाजूचं नसलं तरी. आणि भावाला बरोबर चला म्हणून विचारा. डंपरच्या कामाचा प्रश्न तिथल्या गाडीवाल्यांना त्यानेच विचारायला हवा, उत्तरही त्यानेच ऐकायला हवं.